मासळीचा दाखला : खरा कोणता, कामाचा कोणता



कडेगाव तालुक्यातून एका श्रोत्याचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून छापत नाही. पण प्रश्न एकट्या त्यांचा नाही. त्यांचं दहा गुंठ्यांचं शेततळं आहे. टेंभूच्या आवर्तनाचं पाणी त्यात साठवतात, त्यावर द्राक्षबाग निघते. पाणी नुसतं का ठेवायचं, म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यांनी तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ सोडले. आता मासा किलोच्या घरात आला आहे. व्यापारी बघून गेला आणि भाव पाडून मागू लागला. कारण काय, तर "तुमच्या मालाला सर्टिफिकेट नाही." पुढं दोनच दिवसांत एक दुसरे गृहस्थ दारात हजर. "शाश्वत मासळीचा आंतरराष्ट्रीय शिक्का काढून देतो, पुण्या-मुंबईला दुप्पट भाव मिळेल, काही हजार आगाऊ द्या." आमच्या श्रोत्यांनी विचारलं आहे, की पैसे द्यावेत का?

उत्तर आधी सांगतो, कारण तिकडं गृहस्थ वाट बघत असतील. देऊ नका. आता का देऊ नका, आणि त्याऐवजी काय करायचं, ते सावकाश वाचा.

शिक्का म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सोयाबीनची पिशवी आपण घेतो तेव्हा तिला शिवलेली निळी चिठ्ठी बघतो. पायाभूत बियाण्याची चिठ्ठी पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी. त्या कागदाची किंमत कागदात नसते. बीजोत्पादकाच्या रानात तपासणीदार येऊन गेलेला असतो, शेजारच्या पिकापासून ठरलेलं अंतर ठेवलेलं आहे की नाही हे त्यानं पाहिलेलं असतं, भेसळीची झाडं उपटायला लावलेली असतात, नमुना प्रयोगशाळेत जाऊन उगवण मोजलेली असते. एवढं सगळं झाल्यावर चिठ्ठी शिवली जाते. रानात कोणी आलंच नाही आणि चिठ्ठी मात्र मिळाली, तर ती छापखान्यातून आलेली, एवढंच तिच्यावरून कळतं.

द्राक्षवाल्यांना तर याहून कडू अनुभव आहे. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. कारण होतं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वॅट, या संजीवकाचे अंश. कित्येक बागायतदारांना आपण काही चुकीचं करतो आहोत याचा पत्ताही नव्हता. सांगली-नाशिकच्या बागायतदारांना त्या वर्षी कळलं, की परदेशातला गिऱ्हाईक द्राक्षाचा नुसता गोडवा बघत नाही, तर बागेत काय मारलं त्याची वही मागतो. आज निर्यातीची बाग म्हटली की नोंदणी, फवारणीची नोंद आणि अंश तपासणी आलीच. मासळीचं प्रकरण हेच आहे, फक्त एक प्रश्न त्यात जादा आहे. तो प्रश्न असा : आज मासा काढला, तर उद्या उरेल का?

हा प्रश्न आला समुद्रातून. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. तिथं कॉड जातीचा मासा शेकडो वर्षं पकडला जात होता. मोठी जहाजं आली, जाळी वाढली, आणि शेवटी मासा इतका घटला की १९९२ साली सरकारला कॉडची मासेमारी बंदच करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार एका हुकमानं गेला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९७ साली, मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल नावाची संस्था लंडनमध्ये उभी राहिली. मासळीची मोठी खरेदीदार असलेली युनिलिव्हर कंपनी आणि निसर्गरक्षणाचं काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था, अशा दोघांनी मिळून ती काढली. मासा संपला तर कंपनी विकणार काय, हा साधा हिशेब त्यामागं होता. या संस्थेचा शिक्काही निळाच आहे, त्यावर माशाची आकृती असते.

शिक्का देण्याआधी ते तीन गोष्टी बघतात. ज्या माशाची मासेमारी चालते त्याचा साठा शाबूत आहे का, पुरेसे आईबाप मासे पाण्यात उरतात का, ही पहिली. जाळ्यात दुसरे जीव किती मरतात, पाण्याचा तळ किती खरवडला जातो, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे नियम कोण करतो, कोण पाळतो, मोडला तर कोण विचारतो. तपासणी संस्था स्वतः करत नाही, बाहेरचे तज्ज्ञ करतात. दाखला पाच वर्षांचा असतो आणि दर वर्षी पुन्हा पाहणी होते. खर्च मोठा असतो. काही हजारांत आणि दोन दिवसांत हा दाखला निघत नाही, हे आमच्या पत्रलेखकांनी इथंच लक्षात घ्यावं.

आपल्या देशात हा शिक्का पहिल्यांदा कोणाला मिळाला ठाऊक आहे? मोठ्या जहाजवाल्यांना नाही. केरळात कोल्लम जिल्ह्यात अष्टमुडी नावाची खाडी आहे. तिथं लोक तिसऱ्या काढतात. आपले कोकणातले पाहुणे आणतात ना, तशा शिंपल्या. १९८० नंतर परदेशातून मागणी आली, तसा उपसा वाढला. दहा-बारा वर्षांत माल कमी होऊ लागला. मग १९९३ पासून तिथं नियम लागले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिसऱ्यांच्या विणीचा काळ, त्यात काढणी बंद. जाळ्याचा आस ३० मिलिमीटरपेक्षा बारीक नको. यंत्रानं उपसा नको. आणि एका किलोत १४०० पेक्षा जास्त नग भरतील इतकं बारीक मांस निर्यात करायचं नाही. यात अवघड शास्त्र काही नाही. पोटुशी आणि पोर सोडून द्यायची, एवढंच आहे. पण ते सगळ्यांनी मिळून पाळलं, म्हणून वीस वर्षांनी, २०१४ च्या नोव्हेंबरात, त्यांना तो शिक्का मिळाला. क्रम बघा. नियम आधी, शिक्का नंतर.

आता याच गोष्टीचा पुढचा भाग, जो शिक्का विकणारा तुम्हाला सांगणार नाही. अलीकडच्या वर्षांत त्याच अष्टमुडीत तिसऱ्या पुन्हा घटल्या. पाणी घाण होत गेलं, बाहेरून आलेल्या दुसऱ्या शिंपल्यांनी जागा धरली. २०२५ साली केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेला तिथं तिसऱ्यांचं बीज तयार करून सोडावं लागलं. शिक्का होता, पण तो खाडीत येणारं पाणी गाळू शकत नव्हता.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही नियम आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. २०२३ साली पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याच वर्षी पन्नासहून अधिक जातींच्या माशांची किमान लांबी मिलिमीटरमध्ये ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. किनाऱ्यावरचा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

मग आमच्या शेततळ्याचं काय? तर ऐका. वर सांगितलेला निळा शिक्का शेततळ्यातल्या माशाला मिळतच नाही. तो खुल्या पाण्यातल्या, आपोआप वाढणाऱ्या मासळीसाठी आहे. आपण बीज विकत आणतो, खाद्य घालतो, वाढवतो; ही शेती झाली. मत्स्यशेतीसाठी २०१० साली ॲक्वाकल्चर स्ट्युअर्डशिप कौन्सिल नावाची वेगळी संस्था निघाली. तिचा शिक्का मुख्यतः परदेशी जाणाऱ्या कोळंबीसारख्या मालाला लागतो. आपल्या देशातही निर्यातीच्या कोळंबीसाठी सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची 'शफरी' नावाची प्रमाणन योजना आहे. प्रतिजैविकं न वापरता माल काढला, याची ती हमी. पण कडेगावचा रोहू काही युरोपला जाणार नाही. तो जाणार विट्याच्या, कराडच्या, सांगलीच्या बाजारात, फार तर पुण्याला. तिथल्या गिऱ्हाइकाला शिक्का नको आहे. मासा ताजा आहे का आणि पोटात घालायला बिनधोक आहे का, एवढं त्याला कळायला हवं. २०१८ च्या पावसाळ्यात गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा लोकांनी मासे खाणंच सोडलं होतं, हे आठवत असेल.

तेव्हा शिक्क्याच्या मागं न धावता शिक्क्याच्या मागचं काम करा. ते फुकटात होतं.

सुरुवात बीजापासून. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवली, तोवर आपल्याकडं बीज नदीतूनच धरून आणावं लागे आणि त्यात नको ते दहा मासे यायचे. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आज बीज केंद्रात तयार होतं, पण म्हणून सगळंच बीज चांगलं असं नाही. वर्षानुवर्षं त्याच त्या घरातल्या नर-माद्यांपासून बीज काढलं, की वाढ खुंटते. कोंबड्यांत, शेळ्यांत आपण हे पाहिलं आहे. म्हणून मत्स्यबीज केंद्रांना मान्यता देण्याची आणि बीज प्रमाणित करण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं काढली आहेत. टेम्पोत पिशव्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्याकडून बीज घेऊ नका. केंद्रावर जा, आईबाप मासे कुठले ते विचारा, आणि जात, आकार, नग लिहिलेली पावती घ्या. मत्स्यजिरे स्वस्त मिळतात म्हणून तेच तळ्यात टाकू नका. त्यातले फारच थोडे जगतात. बोटुकली घ्या. एका गुंठ्याला ५० ते १०० बोटुकली हा साधारण हिशेब धरा. म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्याला हजाराच्या वर जाऊ नका. काही जण दोन-दोन हजार सोडतात आणि मग मासा पावशेरावर अडकला म्हणून खाद्यवाल्याला शिव्या देतात.

दुसरं, कोणता मासा सोडायचा नाही. थाई मांगूर म्हणून एक मासा कोणी गळ्यात मारू लागला, तर सरळ नाही म्हणा. तो आफ्रिकेतला. २००० सालापासून त्याच्या संवर्धनाला बंदी आहे, आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानंही त्यावर कडक आदेश दिला. तो काहीही खातो, दुसरे मासे खातो, कमी पाण्यात जगतो. पावसाळ्यात तळं भरून वाहिलं आणि तो येरळेत उतरला, तर नदीतल्या देशी माशांची खैर नाही. चिलापीचंही तसंच. उजनीच्या पाण्यात चिलापी माजली आणि इतर मासे मागं पडले, हे भीमेकाठच्या कोणालाही विचारा. सुधारित तिलापिया वाढवायला सरकारची परवानगी काढावी लागते; ती काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आणि मासा कोणताही असो, तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी हवीच. पाणी आत येतं तिथंही हवी. कालव्याच्या पाण्याबरोबर मरळ, शिंगाळा असे भक्षक मासे आत आले, तर बोटुकली त्यांच्या जेवणालाच जाते.

तिसरं म्हणजे औषध. मासा आजारी दिसला की कोंबड्यांचं औषध पाण्यात ओतायची सवय काहींना आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या गटातली औषधं मत्स्यशेतीत वापरायला बंदी आहे. बहुतेक वेळा रोग नसतोच. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, तो प्राणवायूचा प्रश्न असतो. ढगाळ दिवसांत हमखास दिसतो. त्या वेळी खाद्य थांबवा, पंप लावून पाणी उंचावरून पाडा.

आणि बागायतदारांना एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. फवारणीचा पंप शेततळ्यात धुवू नका. सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशकं माणसाला झेपतील एवढ्या मात्रेत माशाला झेपत नाहीत. चूळ भरल्याएवढं औषधही मासे उलटे करतं. बांधाचं पाणी तळ्यात उतरत असेल तर चर काढून वळवा. मासे मेले की शेजाऱ्यानं विष टाकलं असा संशय पहिला येतो, भांडण तालुक्याला जातं, आणि पंप आपल्याच पोरानं धुतलेला असतो.

चौथी वही. शंभर पानी, साधी. बीज कधी आणलं, कुठून, किती, कोणत्या आकाराचं. पावती त्याच पानाला टाचून ठेवा. महिन्यातून एकदा जाळं टाकून दहा-वीस मासे तोला आणि सरासरी वजन लिहा. खाद्य कोणतं, किती. औषध काही घातलं तर काय आणि कोणत्या तारखेला. मेलेले मासे किती. विक्री कोणाला, किती किलो, काय दरानं. पुण्याच्या हॉटेलवाल्यानं उद्या विचारलं की हा मासा कुठला, तर ही वही उघडून दाखवता येते. शिक्क्याच्या मागंही शेवटी अशीच वही असते, फक्त ती तपासायला बाहेरचा माणूस येतो.

सरकारी कागदांपैकी कामाचे कोणते, तेही सांगतो. केंद्र सरकारनं २०२४ साली राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू केला. त्यावर मत्स्यशेतकरी म्हणून नोंद होते. पुढच्या योजना, विमा, कर्ज यांना ती उपयोगी पडते, आणि त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळं वीज, कर्ज, विमा यांत शेतीप्रमाणं सवलतींची वाट मोकळी झाली. मासे साफ करून, पाकिटात भरून विकणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. यापलीकडं "शाश्वत शेततळ्याचा" म्हणून कोणी कागद पुढं केला, तर देणाऱ्या संस्थेचं नाव विचारा, तळं बघायला कोण येणार ते विचारा, आणि तोच प्रश्न सांगलीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. खरा माणूस या तीन प्रश्नांना घाबरत नाही.

आता ज्यांचं शेततळं नाही, पण गावचा तलाव आहे, ओढा आहे, त्यांच्यासाठी. अष्टमुडीचे तीन प्रश्न खरे तर तुम्हालाच लागू आहेत.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. चढणीचे मासे म्हणून आपण कौतुकानं धरायला जातो. बांधावर पोरं, हातात पाटी, धोतर, मच्छरदाणी, मिळेल ते. घरी आणून चिरला की पोट अंड्यांनी भरलेलं. चव चांगली लागते, खोटं कशाला बोलू? पण तो मासा अंडी घालायलाच वर निघालेला असतो. ज्वारीची पेरणी व्हायच्या आधी बियाण्याचं पोतं दळून खाल्लं, तर सुगीला काय येणार? येरळा, सोनहिरा यांचं पाणी मुळातच थोडे महिने वाहतं. त्यात आधी मिळायचे तसे वाम, मरळ आता दिसत नाहीत, असं म्हातारी माणसं सांगतात. त्याला एकटी चढण कारण नाही. वाळूउपसा आहे, कारखान्या-गावांचं सांडपाणी आहे, बंधारे आहेत. पण चढण आपल्या हातात आहे, म्हणून ती सांगितली. पहिले तीन-चार आठवडे ओढा सोडून द्या. ग्रामसभेत तेवढा ठराव करा. सगळ्यांनी एकदम सोडला तरच उपयोग. एकानं सोडला आणि दहांनी धरला, तर सोडणारा फक्त उपाशी राहतो.

तलाव ठेक्यानं घेणाऱ्या सोसायट्यांनी जाळ्याचा आस बघावा. बारीक जाळं एका दिवसात भरपूर मासा काढतं, आणि बोटुकलीचे पैसे त्याबरोबर निघून जातात. जिलेटीन लावून किंवा विष टाकून मासे मारणं तर गुन्हाच आहे, आणि आजचा नव्हे. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यातच त्याला मनाई आहे. स्फोटानं मेलेले मासे निम्मे तळाला जातात, हाती लागत नाहीत. शिवाय हात गेलेली माणसं आपल्याच आसपास आहेत.

पुन्हा पत्राकडं येतो. व्यापाऱ्यानं भाव पाडला तो सर्टिफिकेट नाही म्हणून पाडलेला नाही. एकाच तळ्याचा सगळा माल एकाच दिवशी, एकालाच विकायचा आहे हे त्याला कळलं, म्हणून पाडला. तेव्हा मासा एकदम काढू नका. किलोवरचा आधी, टप्प्याटप्प्यानं काढा. मागच्याला जागा होते आणि तोही वाढतो. आसपास ज्यांची तळी आहेत त्यांनी वार ठरवून घ्यावेत, म्हणजे बाजारात एकाच दिवशी गर्दी होत नाही. पहाटे काढा, उन्हात पसरू नका, माशाइतकाच बर्फ घाला. टेंभूच्या आवर्तनाची तारीख आधी विचारून ठेवा. बागेला पाणी ओढून तळं खाली गेलं आणि आवर्तन लांबलं, तर नाइलाजानं पडेल त्या भावाला विकावं लागतं, आणि व्यापारी नेमकी तीच वेळ बघून येतो.

आणि पत्र पोचायच्या आधीच आगाऊ पैसे दिले असतील, तर त्या गृहस्थांकडून सही-तारखेची पावती मागून घ्या. ती देत नसतील तर आजच सांगलीला कार्यालयात जाऊन सगळी हकिकत सांगा. शेजारच्या गावात ते उद्या जाणारच आहेत.